निंबाखालची जागा

एकसष्ट सालच्या डिसेंबरात, ऐन कापसाच्या हंगामात, दिल्लीचे मंत्री लोणखेडला येणार असं ठरलं आणि नगरपालिकेतल्या सदाशिव पाठक या कारकुनाच्या पायाला भिंगरी लागली. दारव्हा रस्त्यावरच्या एकूण एक दुकानदाराला गाठून सांगायचं होतं : बुधवारी सकाळी सात ते दुपारी दोन रस्ता बंद. कापसाच्या बंड्या नाल्यापलीकडे थांबतील. रस्त्यावर आलेलं सगळं मंगळवारी दिवस मावळायच्या आत उचलायचं.

"तुमचं लोक ऐकतात, पाठक," मुख्याधिकारी म्हणाले होते. तेव्हा त्याला ते बरं वाटलं होतं.

काम त्याने मन लावून केलं. नंदकिशोर हॉटेलवाल्याला दूध पहाटेच घेऊन ठेवायला सांगितलं, मागच्या गल्लीतलं दार उघडं ठेवायला सांगितलं. सायकलवाल्याला स्वतः हात लावून पडवीचे पत्रे उतरवून दिले. सगळ्यांत शेवटी तो जिनिंगसमोरच्या निंबाखाली गेला.

तिथे मोतीबाई बसायची. तांड्यावरची बाई, साठीला टेकलेली. जिनिंगात कापूस घेऊन येणाऱ्या बंड्यांच्या बैलांसाठी कडबा आणि हिरवं गवत विकायची. बैलांना पाणी पाजायची दगडी डोणी तिनेच नवऱ्याबरोबर बंडीत घालून आणून तिथे मांडली होती, आणि बैलांना पाणी फुकट होतं. बंडीवाले तिला याडी म्हणत. तांड्याच्या बोलीत याडी म्हणजे आई. सदाशिवही तसंच म्हणायचा. त्याचे वडील याच रस्त्याने त्याला शाळेत न्यायचे, तेव्हापासून.

"एका दिवसासाठी उचलायचं आहे, याडी," तो म्हणाला. "डोणीसुद्धा."

"डोणी कायले? ते का मंत्र्याच्या आडवी येऊन राह्यली?"

"साहेबांचा हुकूम आहे."

मोतीबाईने पदराने हात पुसले. "उचलतो. पन मले पुन्हा बसू देतीन का? माहेरच्या तांड्याजवळ माह्या भावाले असंच उठवलं होतं, धरणाच्या टायमाले. तो अजून उभाच हाये."

सदाशिव तसाच कचेरीत परतला आणि त्याने मुख्याधिकाऱ्यांना विचारलं. ते कागदावरून मान न उचलता म्हणाले, "बसेल की गुरुवारी. सांगा तिला." म्हणून त्याने चिठ्ठी लिहून दिली : गुरुवारी सकाळपासून मोतीबाई लखीराम राठोड हिला पूर्वीच्याच जागी बसू द्यावे. खाली आपली सही केली. शिपायाने तिच्यावर अतिक्रमणाचा गुन्हा लिहू नये म्हणून अहवालातही आपल्या समजुतीने एक ओळ घातली : जागा स्वखुशीने रिकामी केली.

मंगळवारी तिची सून गंगी आणि नवरा लखीराम यांनी कडबा बंडीत भरला. डोणी चौघांना मिळून हलली. मोतीबाईने निंबाखालची जमीन झाडून दिली. मंत्री येणार तर कचरा कायले, म्हणाली.

बुधवारी मंत्र्यांची मोटार तीन तास उशिरा आली आणि काचा वर करून निघून गेली. नाल्यापलीकडे सकाळपासून जुंपून उभे असलेले बैल चार वाजेपर्यंत तहानलेले होते.

गुरुवारी सकाळी निंबाभोवती तारेचं कुंपण होतं. आत दोन गवंडी दोरी धरून पाया आखत होते. पेट्रोलपंप होणार होता, नगराध्यक्षांच्या मेहुण्याचा. परवानगी महिनाभरापूर्वीच झालेली होती.

मोतीबाई चिठ्ठी घेऊन कचेरीत आली. मुख्याधिकाऱ्यांनी सदाशिवला बोलावलं. टेबलावर त्यांनी चिठ्ठी ठेवली आणि शेजारी त्याचा अहवाल.

"दोन्ही अक्षरं तुमचीच?"

"हो साहेब."

"इथं लिहिलंय स्वखुशीने. मग ही चिठ्ठी कुठल्या अधिकारात दिली?"

तुम्हीच सांगितलं होतं, हे शब्द त्याच्या जिभेवर आले. नोकरीत कायम होण्याचा त्याचा कागद त्याच टेबलावरच्या गठ्ठ्यात होता. घरात बायकोला, रजनीला, सातवा महिना होता. दारात मोतीबाई त्याच्याकडे बघत उभी होती. अजून तिच्या चेहऱ्यावर काळजी नव्हती, कारण सदाशिव बोलणार होता.

"अधिकार नव्हता," तो म्हणाला.

"ऐकलं ना, बाई?"

मोतीबाईने टेबलावरची चिठ्ठी उचलायला हात पुढे केला. साहेबांनी ती फाइलीत सरकवली. पायऱ्या उतरताना तिने भिंतीचा आधार घेतला.

नाल्यापलीकडे तिने पंधरा दिवस बसून पाहिलं. जिनिंग नजरेत आल्यावर तिथे बंडी कोण थांबवणार? संक्रांतीच्या आधी ती आणि गंगी दुसऱ्यांच्या वावरात कापूस वेचायला जाऊ लागल्या.

एका रविवारी सदाशिव तांड्यावर गेला. लखीरामने बाज टाकली, पाण्याचा तांब्या दिला. मोतीबाई बाहेर येऊन उंबऱ्यापाशी बसली. वेचणीने तिची बोटं चिरली होती.

"याडी, साहेबांनी मला फसवलं," तो म्हणाला. "त्यांनीच सांगितलं होतं, गुरुवारी बसेल म्हणून."

"मले ठाऊक होतं. तू आपल्या मनानं लिहिनारा नाही."

"मग तू का उचललंस?"

"साहेब लबाड बोलते हे समद्यायले मालूम हाये, बाबू. साहेब येता तर मी हल्ली नसती. पोलिसानं ओढून काढलं असतं, पन हल्ली नसती. बंडीवाले माह्यासाठी भांडले असते. तू आला, म्हनून मी माह्या हातानं झाडून देल्लं."

लखीराम खाली मान घालून विडीची राख झाडत राहिला. सदाशिवला आणखी काही सांगायचं होतं, जिनिंगच्या मॅनेजरशी बोलतो वगैरे. ते त्याने सांगितलंही. मोतीबाईने ऐकून घेतलं आणि मान हलवली, तीही त्याला बरं वाटावं म्हणून.

मार्चमध्ये तो नोकरीत कायम झाला.