अर्जात वाढलेली ओळ

पेनिकट बंदराची गावसभा प्रार्थनाघरात भरली होती. खिडकीतून धक्का दिसत होता. आठ महिने सगळी गलबतं तिथेच बांधलेली होती. डोलकाठ्या कुजू नयेत म्हणून त्यांच्या टोकांवर डांबराची रिकामी पिपं उपडी घातली होती.

इंग्रज आणि फ्रेंच आपसांत लढत होते, आणि दोघंही अमेरिकेची गलबतं धरत होते. लढायला आरमार तोकडं, म्हणून राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांनी आपलीच बंदरं बंद केली. आपला माल मिळाला नाही की दोघंही वठणीवर येतील, असा त्यांचा हिशेब. ते काही वठणीवर आले नाहीत. पेनिकटमध्ये मात्र खारवलेला कॉड मासा घराघरांत पडून राहिला.

"लिहा मास्तर," सभापती कप्तान डिमॉक म्हणाले. "राष्ट्राध्यक्षांना म्हणावं, बंदी उठवा."

"विनंती लिहायची की ताकीद?" मागच्या बाकावरून कुणीतरी विचारलं.

"विनंतीच. पण जरा दात दाखवून!"

हशा पिकला. जेबेझ मास्तर हसले नाहीत. गावाचे चिटणीस तेच, आणि निम्म्या गावाला अक्षरओळखही त्यांनीच करून दिलेली. दोन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा असाहेल याला इंग्रज आरमाराने अमेरिकी गलबतावरून उतरवून नेलं होतं. 'तू आमचाच' म्हणाले आणि आपल्या तोफांवर जुंपला. आता बंदी उठली की गलबतं निघतील, गाव पुन्हा कामाला लागेल. मग असाहेलचं नाव कोण काढणार?

पण चिटणिसाने सभा सांगेल तेच लिहायचं, पदरचा एक शब्द घालायचा नाही, अशी पेनिकटची रीत. बोलायचंच असेल तर लेखणी सभापतींच्या हाती देऊन खाली, लोकांत उभं राहायचं. एकोणीस वर्षांत मास्तरांनी तसं कधी केलं नव्हतं. आज ते उठले, कप्तानांच्या हातात लेखणी दिली आणि मंचाच्या पायऱ्या उतरले.

"अर्जात एक ओळ वाढवा. आमचे धरून नेलेले खलाशी परत मागा."

"मास्तर, तुमचं दुःख आम्हाला कळतं हो," कप्तान म्हणाले. "पण एका अर्जात दोन मागण्या? राष्ट्राध्यक्ष वाचतील तरी का?"

"वाचतील. वाचायलाच निवडून दिलंय त्यांना."

"तुम्ही दिलं असेल मत. मी नाही दिलं!"

"मीही नाही दिलं, कप्तान. तरी ते माझेच राष्ट्राध्यक्ष, आणि मी त्यांना जाब विचारणार. राजाला असं विचारता आलं असतं का?"

मास्तर बाकांकडे वळले.

"म्हातारी मेल्याचं दुःख नाही, काळ सोकावतो," मास्तर म्हणाले. "आज माझा असाहेल नेला, उद्या तुमचा कोणी नेतील. नुसता माल सुटला आणि माणसं राहिली, तर आपण व्यापारी ठरू. देश नाही ठरणार."

मत हात वर करून नव्हे, चालून द्यायचं होतं. ओळ हवी असेल त्यांनी खिडकीकडे जायचं. आधी दोर वळणारा हायरम उठला. मग मागच्या बाकावरचा तो थट्टेखोर उठला, मग आख्खं बाक. विरुद्ध बाजूला सहाजण उरले. एवढ्या बहुमतात सभापतींच्या मताची गरज नव्हती. तरी कप्तान डिमॉक लेखणी हातात धरूनच खाली आले आणि खिडकीकडे जाऊन उभे राहिले.

"चला, लिहा आता," मास्तर म्हणाले.

"मी? अहो, लेखणी तुमची!"

"मी अजून खाली उभा आहे."

कप्तान टेबलाशी बसले. सुकाणू धरणाऱ्या जाड बोटांनी त्यांनी ती ओळ लिहिली. अक्षरं वाकडीतिकडी, एक डागही पडला.

"हे कसले कोंबडीचे पाय! मास्तर, तुमच्या सुंदर अक्षरात पुन्हा उतरवून घ्या."

मास्तरांनी कागद उचलून डोळ्यांपुढे धरला. शाळेत असतं तर त्यांनी तो परत दिला असता. त्यांनी शाई सुकायला त्यावर वाळू भुरभुरली, खाली चिटणीस म्हणून सही केली आणि मान ताठ करून म्हणाले,

"असाच जाऊ दे."