सातवी ‘ब’च्या दरवाजाची तक्रार

आधी नुसतं ऐका मित्रांनो, मधे बोलू नका. माझं डोकं फिरलंय, आणि फिरायला कारणही आहे.

मी सातवी ‘ब’चा दरवाजा. जुना वगैरे अजिबात नाही, तीनच वर्षं झालीत मला बसवून. सुतारकाकांनी रंधा मारमारून मला गुळगुळीत केलं, बिजागऱ्या लावल्या, एका बोटाने ढकलून बघितलं आणि म्हणाले, "लोण्यासारखा फिरतोय." काय खूश झालो होतो मी. म्हटलं, आता आयुष्यभर असंच बोटाने ढकलणार मला.

कसलं काय.

वर्गात एक मुलगी होती, सगळे तिला तोफ म्हणायचे. भाषेचे सर ओळीने धडा वाचायला लावायचे, एका बाकाला एक परिच्छेद. तोफ चौथ्या बाकावर, सगळ्यात मागे. तिसरा बाक वाचायला उठला, की हिने पुढचीची वेणी ओढलीच, नाहीतर डबा वाजवलाच. मग सर ओरडायचे, "चालती हो बाहेर." ही उठायची, बाहेर पडायची आणि मला धाडकन आपटायची. वरून प्लॅस्टरचे पोपडे पडायचे. सर आपले खूश, शिक्षा केली म्हणून. अहो, शिक्षा मला होत होती. ती तर बाहेर माझ्याच अंगाला टेकून उभी राहायची आणि सुटल्यासारखा श्वास सोडायची. रोज, तिसऱ्या बाकानंतर. मला लाकडाला कळलं ते सरांना इतक्या दिवसांत कळू नये? राग नाही येणार?

एक दिवस सरांनी वाचन मागच्या बाकापासून सुरू केलं. तोफ सापडली. उठली, दोन शब्दांवर अडखळली, पोरं फिदीफिदी हसली. ती बाहेर पळाली आणि तिने माझ्या खालच्या फळीवर अशी लाथ मारली की फळी उभी चिरली. मोठे सर आले. तिच्या आईला बोलावून सगळ्या वर्गासमोर म्हणाले, "पुन्हा या दाराला लाथ बसली, तर पोरीचा दाखला घेऊन जायचा." आई मान खाली घालून उभी. मी चिरलेला. आणि हसणाऱ्यांना कोणी एका शब्दाने विचारलं नाही.

मग सरांची बदली झाली आणि नव्या बाई आल्या. त्या आठवडाभर नुसत्या बघत राहिल्या. मग एका मधल्या सुट्टीत तोफेला माझ्याजवळ घेऊन आल्या.

"तुला वाचायची भीती वाटते ना गं?"

"सगळे बघायला लागले की अक्षरं पळतात."

"मग सगळ्यांसमोर नको वाचूस. रोज सुट्टीत माझ्यापाशी दहा ओळी वाच. वर्गात कोंडल्यासारखं झालं तर मला सांगून बाहेर जायचं, पाणी प्यायचं, दोन मिनिटांत परत. पण दार आपटायचं नाही. आणि ही फळी तू फोडलीस, तूच बसवायची."

"नाही बसवली तर?"

"तर रोज सुट्टीत आपण दोघी इथे उभ्या. डबे दोघींचेही बंद."

तीन दिवस उभ्या होत्या, खरंच. चौथ्या दिवशी तोफ म्हणाली, "बाई, मला भूक लागते," आणि सुतारकाकांकडून स्क्रू घट्ट करायला शिकून तिने फळी बसवली. मी तेव्हाही चिडलेलाच होतो, सांगून ठेवतो. पण हात चांगला होता पोरीचा.

दोन महिने एकही धाडकन नाही. आणि मग परवाचा दिवस.

तोफ बाईंना सांगून पाणी प्यायला गेली. मला हळूच लोटून गेली. बाई फळ्यावर लिहीत होत्या. तेवढ्यात मॉनिटर उठला. हो, तोच, पहिला नंबरवाला, चापूनचोपून भांग पाडणारा. मांजराच्या पावलाने आला आणि आतून कडी घातली. तोफ परत आली, तिने ढकललं, उघडेना. आतून कोणीतरी म्हणालं, "तोफ, उडव ना आता." दाखल्याचं सगळ्यांना माहीत होतं, मॉनिटरलाही.

तिचा पाय उचलला गेला. मी फळी आवळून धरली. पाय हवेतच थांबला आणि खाली आला. तिने टकटक केलं.

बाईंनी कडी काढली, तेव्हा मॉनिटर अजून माझ्यापाशीच उभा होता. तोफ रडवेली होऊन म्हणाली, "बाई, याला बाहेर काढा."

मलाही तेच हवं होतं. तो बाहेर पडता पडता त्याच्या पाठीत एक दणका द्यायला मी तयारच होतो.

"माझ्या वर्गातून कोणालाच बाहेर काढत नाही," बाई म्हणाल्या. "पण आज तू लाथ न मारता टकटक केलंस, ते मी ऐकलंय. मोठ्या सरांना मी स्वतः सांगणार."

"गंमत केली, बाई," मॉनिटर पुटपुटला.

"गंमत असती तर तीही हसली असती. सुट्टीत ही कडी तू दारावरून काढून टाकायची. आणि का घातलीस, ते मला खरं सांगायचं."

सुट्टीत बसला घाम पुसत. स्क्रू काढायचा तर आणखी आवळत होता गाढव. तोफ लांबून बघत होती. शेवटी म्हणाली, "उलटा फिरव रे, शहाण्या."

फिरवला त्याने. निघाली कडी.

पण मला अजून पटलेलं नाही, मित्रांनो. एका पोरीची शाळा सुटली असती, आणि याला शिक्षा काय, तर चार स्क्रू? तो रडला म्हणे बाईंपुढे. रडला तर रडला. माझा राग जात नाही. दुसऱ्या दिवशी दोघं पुढेमागे वर्गात शिरली, एकमेकांशी बोलली नाहीत, पण मला दोघांनी हळूच लोटलं. आता मी चिडू तरी कोणावर?

तुम्ही सांगा. बाईंच्या जागी तुम्ही असता, तर त्याला बाहेर काढलं असतं की नाही?