साऱ्या तालुक्याचा एकच ईमेल

लाखनीत हायवेला लागून माझं दुकान आहे, रुपा ऑनलाईन सेंटर. नऊ वर्षांपासून मी लोकांचे फॉर्म भरते. फॉर्मात ईमेलचा रकाना आला की समोरचा माणूस हमखास म्हणतो, "तुमचाच टाका ना, ताई." मी टाकते. त्यामुळे धानाच्या नोंदणीपासून पोलीस भरतीपर्यंत अर्ध्या तालुक्याचं टपाल माझ्या एकाच खात्यात येऊन पडतं. याचा मला मोठा तोरा होता. पोस्टमनकडे दहा गावं असतात, माझ्याकडे पन्नास आहेत, असं मी कुणालाही ऐकवायचे.

ऑगस्टातल्या एका सोमवारी सकाळी ते खातंच बंद पडलं. ओटीपी येईनात. जागा संपली, आता नवे मेल येणार नाहीत, अशी लाल पट्टी वर झळकत होती. न उघडलेले मेल होते एकतीस हजार. दारात चार माणसं ताटकळत उभी. मी त्यांना दुपारनंतर या म्हटलं आणि नागपुरात नोकरी करणाऱ्या माझ्या भावाला, प्रफुल्लला, फोन लावला.

"नऊ वर्षांत एकबी मेल काढला नाई तू?" तो म्हणाला.

"कायले काढू? कोणाचा काय कामाचा निघन, मले का मालूम?"

"मंग फिल्टर लाव. कोणाकडून आला, कोणत्या शब्दाचा आला, ते एकदा सांगून ठेव. मंग तो आपोआप कचऱ्यात जाते, नाई तं ज्याच्या त्याच्या खान्यात जाऊन बसते. तुले पाहाचं काम नाई."

धाकट्या भावाने शिकवलेलं मला आवडत नाही. पण फोन ठेवल्यावर मी गुपचूप शोधलंच. शोधायच्या चौकटीच्या कडेला तीन बारक्या रेघा होत्या. नऊ वर्षं त्या माझ्या डोळ्यांसमोर होत्या आणि मी त्यांना कधी बोट लावलं नव्हतं.

पहिला फिल्टर लावला तो लग्न जुळवणाऱ्या साईटवर. पोहऱ्याच्या वासुदेवरावांनी मुलासाठी माझ्याकडून नाव नोंदवलं होतं. त्या मुलाचं लग्न होऊन त्याची पोरगी आता अंगणवाडीत जाते, तरी साईट रोज पाच मुली पाठवत होती. चार हजार स्थळं एका झटक्यात कचऱ्यात गेली. मग कर्ज देऊ म्हणणारे गेले. मग बूट विकणारे. सगळी इस्टेट माझ्या नावावर करायला टपलेल्या विदेशी विधवा सात निघाल्या, त्यांनाही वाटेला लावलं.

मला चटकच लागली. कचरा निघाला तसं खालचं खरं टपाल दिसू लागलं, आणि ते वाचण्यासारखं होतं. पालांदूरचे हिरालालजी नमस्कारापलीकडे कधी बोलत नाहीत. त्यांनी गाण्याच्या स्पर्धेला तीनदा अर्ज केला होता. फॉर्म मीच भरले होते, पण फॉर्म भरताना माणसाकडे कोण बघतं, मी आपली रकाने बघते. कुंताबाईंनी साठीत दहावीचा फॉर्म भरला होता, हेही मी पार विसरले होते. या माणसांना मी ओळखते असं नऊ वर्षं समजत होते. चहा थंड झाला तरी मी उठले नाही. पुढचा मेल उघडून बघायची घाई झाली होती.

मग मी नावानिशी खाने करायला घेतले. त्यात हर्षाचं नाव आधी आठवलं, कारण दर तिसऱ्या दिवशी ती दारात हजर असायची. हर्षा रामटेके, मुरमाडीची, एकवीस वर्षांची. तिला नर्स व्हायचं होतं. नागपुरातल्या एका नर्सिंग शाळेत गेल्या वर्षी तिचं नाव प्रतीक्षा यादीत होतं आणि पुढे बोलावणं आलंच नाही. यंदा तिने पुन्हा अर्ज केला, पुन्हा प्रतीक्षा यादीत. धानाच्या रोवणीला जायच्या आधी सायकल थांबवून विचारायची, "ताई, आला का जी मेल?" मी पहिल्या पानावर नजर टाकून म्हणायचे, "नाही आला."

शाळेचा पत्ता टाकला. त्यांचा मेल आला की 'हर्षा' या खान्यात जाईल, असा नियम केला. खाली एक चौकोन होता, जुन्या मेलांनाही हाच नियम लावायचा का, असं विचारणारा. लावून तर बघू, म्हणून मी खूण केली.

खान्यात दोन मेल येऊन बसले.

वरचा शुक्रवारचा होता. निवड झाली आहे, गुरुवारपर्यंत कागदपत्रं घेऊन हजर राहा. माझा जीव भांड्यात पडला, अजून तीन दिवस हातात होते. मग खालचा उघडला. मजकूर तोच, अक्षरन् अक्षर. फक्त तारीख गेल्या वर्षीची. सात दिवसांत न आल्यास जागा पुढच्या उमेदवाराला दिली जाईल, असं शेवटी लिहिलं होतं.

मी ताबडतोब हर्षाला फोन केला आणि निवड झाली एवढंच सांगितलं. अर्ध्या तासात ती आली, पायाला चिखल तसाच, हातात कागदात बांधलेले गरम आलूबोंडे. ते तिने माझ्या टेबलावर ठेवले आणि वाकून माझ्या पाया पडायला लागली. मी तिला धरलं.

"तुमी नसत्या तं मले कोनं सांगतलं असतं, ताई?"

खालचा मेल पुसायला एक बोट पुरलं असतं. कुणाला कधी कळलं नसतं. पोरीला जागा मिळाली होती, तिच्या आनंदात विष कशाला कालवा, असंही मनात आलं. पण ती माझ्याकडे ज्या नजरेने बघत होती, ती मला सोसवेना. मी मॉनिटर तिच्याकडे वळवला.

तिने सावकाश वाचलं. तारखेपाशी बोट ठेवून पुन्हा वाचलं.

"म्हंजे मी गेल्या सालीच लागली होती."

"हो."

"तुमी तं नाई आला म्हनलं होतं."

"मी नीट पाहिलंच नव्हतं, हर्षा. वरवर बघून सांगत होते. चूक माझी आहे."

ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती स्टुलावर बसली आणि हळू आवाजात म्हणाली, "बाबा म्हनत होते, नसन जमत तं सोड. मीबी सालभर तेच समजून राहिली होती, का आपल्याले डोकंच नाई."

मी तिचं एक वर्ष खाल्लं, एवढंच मला तोवर वाटत होतं.

तिने ओढणीने तोंड पुसलं.

"ताई, मले माहा सोताचा ईमेल काढून द्या. शाळेत आता तोच देतो."

मी नवीन खातं उघडलं. तिचं नाव, जन्मतारीख, तिचा मोबाईल. पासवर्डचा रकाना आला तेव्हा सवयीने माझी बोटं बटनांवर गेली. नऊ वर्षं सगळ्यांचे पासवर्ड मीच ठरवत आले आहे. हर्षाने कीबोर्ड आपल्याकडे ओढून घेतला.

"तुमी जरा तिकडे पाहा," ती म्हणाली.

मी रस्त्याकडे तोंड केलं. मागे ती एकेक अक्षर शोधून दाबत होती. मधेच थांबली, काहीतरी खोडलं, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. तिचं होईपर्यंत मी वळले नाही.