काकूंच्या घरातली व्हीलचेअर

मित्रांनो, रस्त्यात मी दिसले की तुमची नजर आधी माझ्यात बसलेल्या माणसाकडे जाते आणि लगेच दुसरीकडे वळते. माझ्याकडे कोणी बघतच नाही. त्याचं मला वाईट वाटत नाही, पण आज थोडा वेळ थांबा. मी एक जुनी व्हीलचेअर आहे आणि मला एका घराची गोष्ट सांगायची आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. पोलादी नळ्या वाकवून माझा सांगाडा केला, त्यावर काळं रेक्झिन ताणलं, दोन मोठी चाकं मागे आणि दोन छोटी पुढे लावली. तिथून मी एका दुकानात आले. काठ्या, कुबड्या आणि कमरेचे पट्टे यांच्यामध्ये मला घडी घालून भिंतीला टेकवून ठेवलं होतं. त्या दुकानात हौसेने कोणी येत नाही. काकूही तशाच आल्या. दुकानदाराने रंग विचारला तेव्हा त्या म्हणाल्या, "कुठलाही द्या हो. थोड्याच दिवसांसाठी हवीय."

काका बस चालवायचे. एका सकाळी दाढी करताना त्यांच्या हातातून ब्रश गळून पडला. मग उजवा पाय लुळा पडला आणि दुपारपर्यंत बोलणं गेलं. दवाखान्यातून घरी आले तेव्हा त्यांच्यापाशी एकच शब्द उरला होता, "चला." तहान लागली तरी "चला", दुखलं तरी "चला", गाणं आवडलं तरी "चला". कुठल्या "चला"चा अर्थ काय ते फक्त काकूंना कळायचं. मूलबाळ नव्हतं. काकूंनी वाचनालयातली नोकरी सोडली आणि आम्ही तिघं त्या दोन खोल्यांत राहू लागलो.

पहिल्याच आठवड्यात काकू माझा ब्रेक लावायला विसरल्या. काकांना पलंगावरून माझ्यात बसवताना मी मागे सरकले आणि दोघंही जमिनीवर आदळले. काकू आधी रडल्या. मग काकांची नजर त्यांच्या विस्कटलेल्या केसांकडे गेली, ते हसायला लागले, आणि काकूंनाही हसू आवरेना. शेवटी त्यांनी एक बुटकं स्टूल ओढून घेतलं. काकांना आधी त्यावर आणि मग माझ्यात बसवलं.

काकूंचा एक ब्लॉग होता. वाचनालयातल्या पुस्तकांबद्दल त्या त्यावर लिहायच्या आणि ते त्यांच्या धाकट्या बहिणीशिवाय कोणी वाचत नसे. त्या दुपारी त्यांनी तिथे लिहिलं, 'आज आम्ही दोघं पडलो.' सगळं लिहून झाल्यावर काकांना मोठ्याने वाचून दाखवलं. "टाकू का?" त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "चला."

संध्याकाळी त्याखाली एका अनोळखी माणसाने लिहिलं, 'तुम्ही कशा उठलात? माझे वडील आत्ता जमिनीवर आहेत.' काकू चहा ओतत होत्या. तो तसाच सोडून त्यांनी भराभर स्टुलाची युक्ती लिहिली, कुठला हात कुठे धरायचा ते लिहिलं, आणि माझ्या दांडीला धरून उभ्या राहिल्या. थोड्या वेळाने उत्तर आलं, 'उठले.' काकूंनी ते तीन वेळा वाचून दाखवलं.

मित्रांनो, ती वर्षं माझी सोन्याची होती. न्हाणीघराचं दार माझ्यापेक्षा दोन बोटं अरुंद निघालं, तर काकूंनी दारच उतरवून पडदा लावला आणि त्यावर लिहिलं. माकडहाडावर भार येऊ नये म्हणून मध्ये खळगा ठेवून गादी शिवली, त्यावरही लिहिलं. पहिली गादी फसली होती, तेही लपवलं नाही. एकदा काकांच्या पाठीच्या खालच्या बाजूला लाल चट्टा उठला. काकूंनी सरळ लिहिलं, 'मला यातलं काही कळत नाही. कोणाला माहीत असेल तर सांगा.' एका बाईने सांगितलं, 'वाट बघू नका, आजच डॉक्टरांना दाखवा.' काकूंनी मला तसंच उंबऱ्याबाहेर काढून दवाखान्यात नेलं. चट्टा दोन दिवसांत गेला.

हळूहळू वाचणारे वाढले. सगळे त्यांना काकूच म्हणायचे. कोणाची सासू, कोणाचा भाऊ, कोणाचे आजोबा, सगळ्यांचे प्रश्न आमच्या खोलीत येऊ लागले. काका ऐकायचे आणि मान हलवायचे. अशी गर्दी त्यांना बसमध्येही आवडायची.

मग धाकटी बहीण आली. ती जाहिरातींच्या कचेरीत काम करायची. बहिणीवर तिचा फार जीव होता, म्हणूनच ती म्हणाली, "ताई, तुला एवढं येतं आणि तू कोपऱ्यात बसून लिहितेस. लोकांनी तुला तज्ज्ञ म्हणून ओळखलं पाहिजे. रोज काहीतरी टाकायचं, व्हिडिओ करायचे. आणि हे पडलो, फसलो, मला कळत नाही, हे सगळं काढून टाक."

"अगं, पण तेच तर खरं आहे."

"खरं असू दे. तज्ज्ञ माणूस पडत नाही."

काकूंनी ब्लॉग उघडला. मग त्यांनी तसा एकेक लेख पुसला. लाल चट्ट्याचा लेखही गेला. त्या दिवशी त्यांनी काकांना काही वाचून दाखवलं नाही.

बहिणीने माझ्या हातावर फोन धरायचा चिमटा बसवला. व्हिडिओ सुरू झाले. काकूंचा पहिलाच व्हिडिओ इतक्या लोकांनी पाहिला की फोन दिवसभर थरथरत राहिला. वर्तमानपत्रात फोटो आला. मोठ्या रुग्णालयाने त्यांना परिचारिकांपुढे बोलायला बोलावलं आणि डॉक्टरही मागच्या रांगेत उभं राहून ऐकत होते. घरी आल्यावर काकूंचा चेहरा उजळलेला होता. इतकी वर्षं त्या चेहऱ्यावर बहुतेक थकवाच असायचा. मलाही माझ्या जुन्या रेक्झिनचा अभिमान वाटला.

पण व्हिडिओ एकदा करून भागत नाही. चमच्याने भरवायचं दाखवायचं तर हात नीट दिसला नाही, मग पुन्हा. आवाज फाटला, मग पुन्हा. एकदा असंच पाचव्यांदा चमचा पुढे आला तेव्हा काकांनी तोंड मिटलं आणि डाव्या हाताचा पंजा फोनवर ठेवला.

"अहो, एकदाच," काकू म्हणाल्या. "थोडंच राहिलंय." त्यांनी तो हात हळूच उचलून काकांच्या मांडीवर ठेवला. काकांनी तो पुन्हा वर नेला नाही.

एका कंपनीने निळी गादी पाठवली. दिसायला देखणी होती. काकूंनी तिच्यावर काकांना बसवून फोटो काढला आणि लिहिलं, 'आम्ही हीच वापरतो.' असं लिहून बसल्यावर ती काढता येईना, कारण रोजच्या व्हिडिओत ती दिसायला हवी होती. खळग्याची जुनी गादी माळ्यावर गेली. निळी गादी घट्ट होती. काका तिच्यावरून घसरायचे आणि सगळा भार माकडहाडावर यायचा. मला ते प्रत्येक नळीत कळत होतं. पण मित्रांनो, मला कुरकुरण्यापलीकडे काही येत नाही, आणि कुरकुर ऐकू आली की माझ्या चाकात तेल घालतात.

एका दुपारी काकूंचा फोनवरून थेट कार्यक्रम होता. काकांचा आवाज मध्ये येऊ नये म्हणून त्या आतल्या खोलीत गेल्या आणि दार लावून घेतलं. काका माझ्यात बसून होते. "चला," ते म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले. मग दाराकडे बघून मोठ्याने म्हणाले. दाराआडून काकूंचा समजावणीचा गोड आवाज येत होता, "भार सारखा हलवत राहा. माणूस सांगेल म्हणून थांबू नका." काकांनी शेवटी बोलणं सोडून दिलं. कार्यक्रम रंगला आणि ठरल्यापेक्षा खूप लांबला.

संध्याकाळी त्यांना कुशीवर वळवताना काकू मध्येच थांबल्या. कातडी काळसर झाली होती आणि एका जागी उघडली होती. ती जखम एका दुपारची नव्हती. काकू जमिनीवर बसल्या आणि माझं चाक घट्ट धरून राहिल्या.

त्यांना काय करायचं ते माहीत होतं. डॉक्टरांकडे जायचं. पण डॉक्टर म्हणजे तेच, मागच्या रांगेत उभे राहून ऐकणारे. काकूंनी घरीच जखम धुतली, मलम लावलं, काकांना कुशीवरच ठेवलं. निळी गादी माझ्यावरून काढून पलंगाखाली सारली. बहिणीलाही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी जखमेला वास येऊ लागला. तेव्हा त्यांनी आजाऱ्यांची सेवा करणाऱ्यांच्या एका गटात दुसऱ्याच नावाने प्रश्न विचारला. पूर्वीसारखं काकांजवळ बसून तो वाचूनही दाखवला. उत्तर लगेच आलं. 'काळजी करू नका, काकूंचा हा लेख वाचा.' खाली त्यांच्याच लेखाचा दुवा होता. मग दुसऱ्याने तोच दिला. मग तिसऱ्याने. पूर्वीच्या त्या बाईसारखं 'आजच डॉक्टरांना दाखवा' असं कोणीच म्हणालं नाही.

काकांना ताप चढला आणि ते डोळे उघडेनात, तेव्हा काकूंनी रुग्णालय गाठलं. तरुण डॉक्टरीण वाकून जखम बघू लागली. मग खालच्या आवाजात म्हणाली, "काकू, तुम्हाला मी काय सांगणार? आधी का नाही आणलंत?"

जखमेचं विष रक्तात भिनलं होतं. काका त्याच आठवड्यात गेले. मी रुग्णालयाच्या बोळात रिकामी उभी होते. मला कोणीतरी ढकलत घरी आणलं.

काकूंनी ब्लॉगवर दोन शब्द लिहिले, 'काका गेले.' फोन रात्रंदिवस वाजत राहिला. 'त्यांचं भाग्य थोर म्हणून तुमच्यासारखं माणूस मिळालं.' 'काकू, अशी सेवा कोणी करत नाही.' काकू एकेक वाचायच्या आणि फोन उपडा ठेवायच्या. बहीण म्हणाली, "ताई, दुःखातून कसं सावरायचं यावर लिहितेस का? लोक वाट बघताहेत." काकूंनी माझ्या हातावरचा फोनचा चिमटा काढून तिच्या हातात ठेवला. 

महिन्याभराने एक बाई मला न्यायला आली. तिचे सासरे अंथरुणाला खिळले होते आणि ती काकूंची जुनी वाचक होती. काकूंनी मला पुसून दिलं, ब्रेक दाखवले आणि दारात तिचा हात धरला.

"ऐका," त्या म्हणाल्या. "माझ्या घरात त्यांना जखम झाली. मी बघितलं नाही. मग लाजेपायी लपवली. ते त्यानेच गेले. ती निळी गादी घेऊ नका."

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिने काकूंना जवळ घेतलं. "काकू, एवढं केलंत तरी स्वतःलाच दोष देताय," ती म्हणाली. "म्हणून तर सगळे तुम्हाला मानतात. गादी मी कधीच मागवलीय."

"अहो, मी खरं सांगतेय."

"हो काकू," ती म्हणाली, आणि मला पायऱ्यांवरून उतरवू लागली. काकू दारात उभ्या होत्या. त्यांनी आणखी काही म्हणायला तोंड उघडलं, पण आम्ही तोवर खाली पोहोचलो होतो.

मित्रांनो, तुमच्या घरात कोणी दिवसभर बसून असेल, तर हातातलं खाली ठेवा आणि त्याच्याजवळ जा. त्याला जरा उचला, खाली काय झालंय ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा. आणि कळत नसेल तर विचारा. सगळं जग तुम्हाला हुशार म्हणत असलं तरी विचारा.

माझं हे सांगणं कोणाला ऐकू जातं की नाही, मला ठाऊक नाही. या नव्या घरातले आजोबा सकाळपासून माझ्यात बसले आहेत. त्यांच्याखाली नवी निळी गादी आहे. त्यांची सून मनापासून सेवा करते. आत्ता ती पलीकडच्या खोलीत काकूंचा जुना व्हिडिओ बघते आहे, आणि आवाज मोठा ठेवला आहे.