उजव्या रॅकचे उंदीर

इंदूरजवळच्या राऊ गावातल्या कॉलेजात उंदीर सांभाळायची नोकरी म्हटली की लोक नाक मुरडत, पण संबोधीला ते पांढरे उंदीर माणसांपेक्षा बरे वाटत. निदान तोंडावर एक आणि पाठीमागे दुसरं करत नसत. डाव्या रॅकवर मुद्दाम आजारी केलेले उंदीर होते. त्यांच्या खाण्यात असं औषध मिसळलेलं, की आधी मूत्रपिंडं जात आणि मग हृदय, हाडं, भूक, झोप, सगळंच. एका अवयवाने हात टेकले की अख्खं शरीर कसं ढासळतं, याचाच तिथे अभ्यास चालला होता. उजव्या रॅकवर तुलनेसाठी ठेवलेले निरोगी उंदीर होते.

उंदीर एकमेकांचं तोंड हुंगतात. आजारी उंदराचं तोंड हुंगलं की उजवीकडचे मागे सरत आणि कोपऱ्यात पाठ करून बसत. हे संबोधीने शंभरदा पाहिलं होतं. तिच्या हाताशी मात्र ते झोंबत, बाहीत शिरू पाहत.

डिसेंबरातल्या एका सकाळी तिचा स्वेटर वाळला नव्हता, म्हणून ती बाबांचा घालून आली. पिंजऱ्यात हात घातला, तर सगळे मागे सरले आणि पाठ करून बसले. चारही पिंजऱ्यांत तेच. तेवढ्यात पाठीमागे खरखर झाली. तिने वळून पाहिलं. डावीकडचे उंदीर, जे आठवडाभर जागचे हलले नव्हते, ते जाळीला नाकं लावून तिच्याकडे तोंड करून उभे होते.

"काय दीदी, उंदरांनापण तुमचा स्वेटर पसंत नाही आला!" तिच्याबरोबर काम करणारा परेश हसला.

दुसऱ्या दिवशी तिने स्वतःचा स्वेटर घातला आणि सगळं पूर्वीसारखं झालं. तिसऱ्या दिवशी मुद्दाम बाबांचा घातला. परत पाठी, परत ती खरखर. त्या संध्याकाळी ती बाबांकडे नीट पाहू लागली.

बाबा, म्हणजे रत्नपाल, महूच्या फौजी वर्कशॉपमधून रिटायर झालेले. आई गेल्यापासून तिला तेवढंच माणूस. महिनाभर ते पोहा-जलेबीला नको म्हणत होते. इंदुरात पोह्यांना नको म्हणणारा माणूस एक तर रुसलेला असतो, नाहीतर आजारी, हे शेंबड्या पोरालाही कळतं. पायांना सूज, पोटऱ्यांना खाज, भरदिवसा डुलक्या. डाव्या रॅकच्या वहीत ती रोज हेच तर लिहीत होती! तिला स्वतःचा भयंकर राग आला.

"बाबा, उद्या तपासणी करू."

"अरे बेटा, उमर झाली आता, और काय? कोणी सांगितलं तुला?"

उंदरांनी, असं कुठल्या तोंडाने सांगणार?

रिपोर्ट आला. दोन्ही मूत्रपिंडं जवळजवळ गेली होती. आजोबाही महूत असेच सुजून गेले, हे बाबांना तेव्हा आठवलं. "माझी किडनी घ्या," संबोधी म्हणाली, आणि ताठ मानेचे बाबा दवाखान्यातच रडले. डॉक्टर म्हणाले, "ही बीमारी खानदानात चालत येते. पहले आपली तपासणी करा." तिचा रिपोर्ट गुरुवारी मिळणार होता.

बुधवारी परेश चहाला गेला, तेव्हा ती उजव्या रॅकसमोर उभी राहिली. इथे ती कायम मास्क लावून यायची. तिचा श्वास या उंदरांनी कधी हुंगलाच नव्हता. विचारू नये, हे तिला कळत होतं, पण बाबांसाठी तिला आजच हो ऐकायचं होतं. तिने मास्क उतरवला, पिंजऱ्याचं झाकण सरकवलं आणि वाकून हळूच श्वास सोडला.

उंदीर लगबगीने पुढे आले. त्यांतला सगळ्यात धीट मागच्या पायांवर उभा राहून तिच्या ओठांपर्यंत पोचला. त्याच्या मिशा तिला लागल्या.

मग तो मागे सरला. मग दुसरा, मग तिसरा. कोपऱ्यात पांढऱ्या पाठी एकमेकींना खेटून बसल्या.

"आता बाबांना काय देऊ मी?" ती त्या पाठींना म्हणाली.

तिच्या मागे, डाव्या रॅकवर, जाळीवर नखं वाजू लागली.