तिने निवडलेली कौलं

कौलं बायकोने निवडली होती. दुकानात एकेक बोटाने वाजवून, बद्द वाजलेलं बाजूला काढून. ती गेली तेव्हा कौलं अंगणात रचलेली होती आणि घरावर जुनंच गळकं छप्पर होतं.

सुताराने ते उतरवलं आणि मधल्या आढ्यावर हातोडी मारून पाहिली. "दादा, पोकळ वाजतंय. पत्रे पेलेल. कौलं घालायची तर लाकूड बदला."

"आभाळ भरून आलंय, लाकूड कधी बदलणार?" मुलगी म्हणाली. "बाबा, पत्रे टाका."

"तुझ्या आईला पत्रे नको होते."

"तिला तुमचं फुटलेलं डोकंही नको असतं."

मी ऐकलं नाही. सुतार म्हणाला, "घर तुमचं. पण आधी मधोमध टेकू देतो, आणि दोन्ही उतारांवर बरोबरीने चढवू. इकडे एक ओळ, तिकडे एक." टेकूचं लाकूड आणायला तो गेला.

तेवढ्यात वारा सुटला. घरात पलंग होता त्याच बाजूने ढग येत होते आणि पलंगावर अजून बायकोचं अंथरूण होतं. पलंग सरकवता आला असता, पण ते सुचलंच नाही. ते भिजू नये म्हणून मी वर चढलो. मुलगी कुरकुरत आत टेबलावर उभी राहून रिपांच्या फटीतून कौलं देत होती. मी ओळीमागून ओळ लावत गेलो, सगळ्या पलंगाकडच्या एकाच उतारावर.

आढं करकरलं. माझ्या डोळ्यांदेखत बोटभर कललं.

"हलू नका!" फाटकातून सुतार ओरडला. "एकच बाजू भरलीत? ताई, बाहेर ये!"

"बाबा वर असताना?"

तो लाकूड घेऊन आत धावला. फटीतून मला दिसत होतं. मुलीने टेकूला खांदा लावला होता आणि तो खाली पाचर ठोकत होता. पाचर बसत नव्हती.

"वरचा भार काढा! आढ्याजवळची कौलं आधी. फेका!"

"फुटतील रे."

"दादा, फेका म्हणतोय ना!"

कौल हातात घेतलं आणि हात थांबला.

"बाबा," खालून मुलीचा बारीक आवाज आला, "खांदा घसरतोय माझा."

मी फेकलं. मग दुसरं. मग मोजदाद सोडली. अंगणात खापऱ्या उडत होत्या. आढं पुन्हा एकदा करकरलं, मग पाचर आत गेल्याचा जड आवाज आला आणि सगळं गप्प झालं.

मी खाली उतरलो. मुलीच्या खांद्यावर लालभडक वळ उठला होता. तिने अंगणाकडे पाहिलं.

"आईने तुम्हाला जेवायला वाढलं नसतं आज."

"तुला काही झालं असतं तर कधीच वाढलं नसतं," मी म्हणालो. "मिस्त्री, पत्रे आणा."

"कोणत्या रंगाचे?"

घरातली असली निवड माझ्याकडे कधी आलीच नव्हती. मी मुलीकडे पाहिलं. ती खांदा चोळत राहिली, मदतीला आली नाही.

"पांढरे," मी म्हणालो. "कमी तापतील."