झाकणाच्या आतलं नाव

मी कुणालाही भांडं दिलं की त्यावर नाव घालून देते. मैत्रिणीच्या, लताच्या मंगळागौरीला दिलेली माझी कढई दोन वर्षांनी नव्या कागदात गुंडाळून माझ्याच वास्तुशांतीला परत आली, तेव्हापासूनचा हा नेम. एकदा नाव घातलं की भांडं कुणाच्या गळ्यात मारता येत नाही.

आमच्या ह्यांना, म्हणजे जयंतना, हे मुळीच पटत नाही. नोएडाला सेक्टर दहात आमचा पितळी सोऱ्यांचा कारखाना. सोऱ्या म्हणजे चकली पाडायचा साचा, हे दिल्लीत मी इतक्यांदा सांगितलंय की आता आपोआप तोंडातून निघतं. ‘काटेरी’ ही आमची छाप. तिच्या शेजारी दुसरं अक्षर चढलं की माल बाटला, असं ह्यांचं म्हणणं. म्हणून भाच्याच्या, मानसच्या लग्नात सोऱ्या दिला तेव्हा मी झाकणाच्या आतल्या बाजूला गुपचूप नाव घालून घेतलं. ह्यांनी विचारलं, “नाव नाही ना घातलंस?” मी म्हटलं, “छे हो.”

दोन वर्षांनी ह्यांच्या डोक्यात नवं खूळ शिरलं. आपली छाप कस्टममध्ये नोंदवून ठेवली की बाहेरून येणारा नकली माल तिथेच अडवतात, असा नियम निघाला होता. हे तीन आठवडे कागद भरत बसले. मी म्हटलं, “चीनमध्ये चकली खातात का? आपली नक्कल करायला कोण रिकामं बसलंय?”

गणपती जवळ आले आणि तुघलकाबादच्या कंटेनर डेपोतून फोन आला. चीनहून आलेला चार हजार ‘काटेरी’ सोऱ्यांचा माल अडवून ठेवला होता. माल मागवणारा व्यापारी सांगत होता, की हा जयंतजींचाच माल, ते स्वतः तिकडे बनवून घेतात. दहा दिवसांत नकली असल्याचं दाखवा, नाहीतर सोडावा लागेल.

हसण्यासारखं काही उरलं नाही. दिवाळीच्या तोंडावर तो माल निम्म्या किमतीत सदर बाजारात उतरला असता, तर आमच्या कारखान्याला कुलूपच. नऊ कारागीर, त्यातला मुरलीधर तर आमच्याकडेच म्हातारा झालेला. मला खरंच भीती वाटली, आणि ‘चीनमध्ये चकली’ हे आपलंच बोलणं आठवून लाजही वाटली.

डेपोत गुलाटी नावाच्या अधिकाऱ्यांनी टेबलावर एक आमचा सोऱ्या ठेवला आणि एक कंटेनरमधला. ह्यांनी भिंग लावून बघितलं. छाप तीच, आटे तेच, हातात वजनही तेवढंच.

“सर, फ़र्क़ मुझे भी नहीं दिख रहा,” हे म्हणाले.

आमच्या ह्यांचा खरेपणा असा, वेळकाळ न बघता उफाळून येतो. गुलाटींनी पेनाचं टोपण लावलं. मी चिडून कंटेनरमधला सोऱ्या ओढून घेतला आणि झाकण उघडलं. आत बारीक ठिपक्यांची ओळ होती. मी पेटीतला दुसरा काढला, तिसरा काढला, सगळ्यांत तीच ओळ.

गुप्त ठेवलं तर कारखाना जातो, सांगितलं तर मी दोन वर्षं खोटी ठरते. मी झाकण गुलाटींपुढे धरलं. त्यांनी चष्मा वर करून एकेक अक्षर वाचलं, “चि. मानसच्या लग्नाप्रीत्यर्थ, मामा-मामीकडून.” मग अर्थ विचारला. मी सांगितला.

“मॅडम,” ते अगदी गंभीरपणे म्हणाले, “भांजे चार हज़ार हैं?”

“एकच आहे,” मी मराठीतच बोलून गेले, मग हिंदीत सगळं ओकले. ती भेट कुणीतरी नमुना म्हणून तिकडे पाठवली होती, आणि तिथल्या लोकांनी साचा घेताना माझी अक्षरंही नक्षी समजून ओतली होती. स्वतःच्या मालावर असं कोण छापून घेईल? गुलाटींनी पेन पुन्हा उघडलं, पेट्या मोजून सील केल्या आणि व्यापाऱ्याला नोटीस काढली.

परतताना गाडी सरिता विहारला आली. तेव्हा हे म्हणाले, “छे हो?”

“छे हो,” मी म्हटलं.

घरी येऊन मी दिल्लीतल्या द्वारकेला मानसला फोन लावला. “अरे, तुमचा सोऱ्या आहे ना?”

“आहे की मामी. माळ्यावर जपून ठेवलाय.”

“माळ्यावर नाही रे, तुघलकाबादला आहे. आणि एकटा नाहीये.”

मग हळूहळू बाहेर आलं. देविकाने, त्याच्या बायकोने, तो खालच्या शेजाऱ्यांना गृहप्रवेशाला देऊन टाकला होता. शेजारी इम्पोर्टचं काम करतात. कढईचीच गत. मी दोघांना दिवाळीआधीचा रविवार नेमून दिला. पाच किलो भाजणीच्या चकल्या, सोऱ्याचा दांडा मानसने फिरवायचा. तो फिरवतही होता, मधूनमधून घाम पुसत.

माल नष्ट झाला, कारखाना तगला. पुढे नोंदणीचे कागद पुन्हा भरताना ‘अस्सल माल ओळखण्याची खूण’ असा रकाना आला. ह्यांनी सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘झाकणाच्या आत काहीही लिहिलेलं नसतं.’ आणि कागद माझ्यापुढे सरकवला. कारखान्यात माझीही भागीदारी आहे, म्हणून सही लागते म्हणे.

मी सही केली. मानसच्या बहिणीच्या, तनयाच्या लग्नात मी आता कुकर देणार आहे, नाव घालून.